ऊस पडला की फायबरायझर ट्रिप : एका सिग्नल कंडिशनरचं प्रकरण

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यातलं हे प्रकरण आहे. कारखान्याचं नाव लिहित नाही, त्याचा इथे काही संबंध नाही, पण जे कोणी व्हायब्रेशन सेन्सर आणि पॅनलमधल्या सिग्नल कंडिशनरवर काम करतात त्यांना यातलं काही ना काही कधीतरी भेटणारच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मशीन म्हणजे फायबरायझर. साखर कारखाना आतून न बघितलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो, ऊस गव्हाणीत पडतो, तिथून किकर, कटर असं करत फायबरायझरपाशी येतो, आत एक जाडजूड रोटर असतो, त्यावर पिनांना लटकवलेले हॅमर, समोर अॅन्व्हिल प्लेट, आणि उसाचा अक्षरशः भुगा होऊन तो पुढे मिलला जातो. इथला रोटर ८ पोलच्या मोटरवर डायरेक्ट कपल केलेला, म्हणजे ७४५ आरपीएमच्या आसपास, हर्ट्झमध्ये १२.४. उसाबरोबर माती येते, दगड येतात, कधी कोयता नाहीतर ट्रॉलीची साखळी पण येते. त्यामुळे बेअरिंग हाऊसिंगला बसणारे धक्के म्हणजे पंप-फॅनवाल्या माणसाने कल्पना न केलेले.

दोन्ही बेअरिंगांवर आडवे-उभे असे पिझो सेन्सर (ताण पडला की चार्ज देणाऱ्या क्रिस्टलचे) बसवलेले होते, आयईपीई प्रकारचे, म्हणजे अॅम्प्लिफायर आतच असलेले, १०० मिलीव्होल्ट प्रति जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण). तिथून शील्डेड केबल जंक्शन बॉक्सला, तिथून ट्रेमधून फिरत फिरत कंट्रोल रूमच्या पॅनलला. पॅनलमध्ये सिग्नल कंडिशनर. तोच सेन्सरला करंट देणार, तोच सिग्नल फिल्टर करणार, अॅक्सिलरेशनचं (त्वरणाचं) इंटिग्रेशन करून व्हेलॉसिटी (वेग) काढणार आणि ४ ते २० मिलीअँप करून पीएलसीला, म्हणजे मशीन चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरला देणार. अलार्म ७.१ मिमी प्रति सेकंदला, ट्रिप (मशीन आपोआप बंद) ११ ला, ३ सेकंद डिले. हे आकडे आयएसओ १०८१६-३ मधले, ३०० किलोवॅटच्या वरच्या मशीनचे, फ्लेक्सिबल फाउंडेशनसाठीचे (आता तो स्टँडर्ड २०२२ पासून २०८१६-३ झालाय). एक लक्षात ठेवा, हे आकडे मशीन एकसारखी स्थिर चालू असतानाचे आहेत, दगड खाणाऱ्या मशीनसाठी कोणी बसून काढलेले नाहीत, पण सुरुवात करायला ते ठीक आहेत.

तर तक्रार अशी होती की फायबरायझर रिकामा फिरवला की रीडिंग २ च्या आसपास, एकदम शहाणा. ऊस पडायला लागला की १३, १४, कधी १६. आणि ट्रिप. फायबरायझर थांबला की गव्हाण थांबते, मागे मिल उपाशी, बॉयलरला बगॅस (उसाचा चोथा, तोच इंधन) कमी पडायला लागतो, बाहेर यार्डात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग वाढत जाते, आणि तोडलेला ऊस जितका जास्त वेळ पडून राहतो तितकी त्यातली साखर घटते. म्हणजे एका खोट्या ट्रिपची किंमत थेट शेतकरी आणि कारखाना दोघांच्या खिशातून जाते.

साहजिकच सगळ्यांचा संशय मशीनवर. हॅमर काढून वजनं केली, समोरासमोरचे जोड लावून बसवले. बेअरिंग उघडून बघितलं, स्वच्छ निघालं. फाउंडेशन बोल्ट टाइट केले. मग इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी सेन्सर बदलला, तरी तेच. कॅलिब्रेशन करून घेतलं, सर्टिफिकेट आलं, सगळं ओके. मिल हाऊसच्या जुन्या फिटर मामांनी मला जे एका वाक्यात सांगितलं ते त्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा कामाचं होतं : "साहेब, रिकामा असला की गप असतोय, ऊस पडला की बोंबलतोय, आणि हाऊसिंगला हात लावला तर हाताला काय सुदिक लागत न्हाई."

आणि मग शेवटी जे सगळीकडे होतं तेच झालं, ट्रिपला जंपर मारला, म्हणजे तार जोडून ती निकामी केली. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त काळजीची गोष्ट हीच वाटली आणि आजही वाटते. हॅमरची पिन तुटली, हॅमर सुटला, रोटर एका बाजूला जड झाला तर ती ट्रिपच मशीन थांबवणार आहे, आजूबाजूला माणसं काम करतात. खोटी ट्रिप नुसती उत्पादन बुडवत नाही, ती खऱ्या ट्रिपवरचा विश्वास घालवते, आणि तो एकदा गेला की ऑपरेटर पुढचा प्रत्येक अलार्म खोटाच धरतो, त्यात त्याचा दोष नाही.

आता तपासाकडे येतो.

पहिलं काम, पोर्टेबल डेटा कलेक्टर घेऊन त्याच हाऊसिंगवर, पॅनलच्या सेन्सरच्या शेजारी, मॅग्नेटने सेन्सर लावला आणि ऊस चालू असताना रीडिंग घेतलं. ४ च्या थोडं वर. त्याच क्षणी पॅनल १४ दाखवत होतं. पोर्टेबलचा बँड १० ते १००० हर्ट्झ होता आणि कंडिशनरचा हाय पास (त्याखालची फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर) १ हर्ट्झवर होता, त्यामुळे कोणी म्हणेल की खालची फ्रिक्वेन्सी पॅनल मोजतंय आणि पोर्टेबल मोजत नाही, एवढाच फरक. रास्त शंका आहे. म्हणून पोर्टेबलचा बँड पण १ हर्ट्झपासून लावून परत घेतलं. थोडं वाढलं, पण १४ च्या जवळपास पण गेलं नाही. म्हणजे मशीन एवढी हलत नाहीये, हे नक्की.

दुसरं, तोच डेटा कलेक्टर पॅनलवर नेऊन कंडिशनरच्या बीएनसी सॉकेटला, म्हणजे बफर केलेल्या कच्च्या सिग्नलला लावला आणि स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे त्याचा आलेख) बघितला. डावीकडे, शून्य हर्ट्झच्या बाजूला, उंच डोंगर आणि तिथून उजवीकडे घसरत गेलेली रेष. व्हायब्रेशनवाले याला स्की स्लोप म्हणतात. १२.४ हर्ट्झची खरी रेष त्या डोंगराच्या उतारावर कुठेतरी दडलेली. स्की स्लोप दिसला की पहिली गोष्ट मनात यायला हवी ती ही की मोजणीच्या साखळीत काहीतरी बिघडलंय, मशीनला अशी रेष काढता येत नाही.

ही रेष एवढी का महाग पडते ते आकड्यातच बघा. व्हेलॉसिटी काढायला अॅक्सिलरेशनला २ पाय एफने (पाय म्हणजे ३.१४, एफ म्हणजे फ्रिक्वेन्सी) भागतात, म्हणजे फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितका भागाकार छोट्या आकड्याने. २ हर्ट्झला फक्त ०.०२ जी एवढी गडबड असली तर व्हेलॉसिटी येते १५.६ मिमी प्रति सेकंद पीक, आरएमएसमध्ये (पीक भागिले १.४१, ट्रिपचा आकडा याच मापात) ११. म्हणजे बरोब्बर ट्रिप! आणि १०० मिलीव्होल्ट प्रति जीच्या सेन्सरला ०.०२ जी म्हणजे किती, तर २ मिलीव्होल्ट. तीच २ मिलीव्होल्टची गडबड १०० हर्ट्झला असती तर आरएमएस ०.२२ आला असता आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. म्हणून इंटिग्रेटर असलेल्या कंडिशनरमध्ये खालच्या फ्रिक्वेन्सीची कुठलीही घाण माफ होत नाही.

मग ही घाण येते कुठून?

बायस मोजला. यासाठी कुठलंही भारी यंत्र लागत नाही, मल्टीमीटर डीसीवर ठेवून सेन्सरच्या दोन टर्मिनलवर लावायचा. आयईपीई सेन्सरमध्ये क्रिस्टलच्या मागे छोटा अॅम्प्लिफायर आतच असतो, त्याला कंडिशनर दोन तारांवरून कायम एकसारखा करंट देतो आणि त्याच दोन तारांवर सिग्नल परत येतो, एका डीसी पातळीवर बसून. ती पातळी म्हणजे बायस, साधारण ८ ते १२ व्होल्ट. शून्य दिसलं तर शॉर्ट, २४ म्हणजे पूर्ण सप्लाय दिसला तर कुठेतरी ओपन. इथे आला ११.४. अगदी तब्येतीत. ऊस चालू असताना मात्र मीटरवरचा आकडा थोडा खाली यायचा आणि ऊस थांबला की परत ११.४. बरेच जण हे बघून "थोडं हलतं, चालायचंच" म्हणून सोडून देतात. पण बायस हा डीसी आहे, मशीन काय करतेय यावर तो अवलंबून असायचं काहीच कारण नाही. तो खाली येतोय म्हणजे सिग्नलचा वरचा आणि खालचा भाग सारखा राहिलेला नाही, सरासरी एका बाजूला ओढली जातेय.

इथे स्कोप काढला, म्हणजे सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप. बॅटरीवरचा हँडहेल्ड, म्हणजे अर्थचा नवीन लूप नको, सरळ कंडिशनरच्या इनपुट टर्मिनलवर. ऊस चालू. आणि स्क्रीनवर जे दिसलं ते या प्रकरणातलं सगळ्यात बघण्यासारखं होतं. प्रत्येक धक्क्याला सिग्नल खाली यायचा तो सरळसोट, कड्यावरून पडल्यासारखा, आणि वर चढायचा तो एका सरळ तिरक्या रेषेत. छोटा धक्का असो मोठा असो, चढाचा तिरकेपणा तोच. करवतीच्या दात्यांसारखं. खरं व्हायब्रेशन असं कधीच दिसत नाही, त्याला चढ आणि उतार दोन्ही गोल असतात. स्क्रीन गोठवून मी कर्सर लावून तो चढ मोजला, एका मिलीसेकंदाला ३० व्होल्टच्या आसपास, आणि पुढच्या धक्क्याला परत मोजला, परत ३०.

चढ ठरलेला आहे म्हणजे काहीतरी भरलं जातंय आणि भरणारा हात तोकडा आहे. इथे भरली जात होती ती केबल. दोन तारांमध्ये कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) असतोच. केबल दोन्ही टोकांना सोडवून एलसीआर मीटरने मोजली, ३३ नॅनोफॅरड. लांबी ड्रॉइंगप्रमाणे २८० मीटर, म्हणजे मीटरला साधारण १२० पिकोफॅरड, या जातीच्या केबलला हे नेहमीचंच. आणि कंडिशनरचा करंट? मॉड्यूल बाहेर काढून बघितलं, आतल्या जंपरवर २, ४ आणि ८ मिलीअँप अशा तीन जागा, आणि जंपर २ वर. फॅक्टरीतून तसाच आलेला, कोणी हात लावलेला नाही. २ ठेवण्यामागे विचार असतो, पॅनल गार राहतं, सेन्सर पण गार राहतो, आणि जवळच्या सेन्सरला ते भरपूर होतं. पण त्यातला साधारण १ मिलीअँप सेन्सरच्या स्वतःच्या अॅम्प्लिफायरला लागतो, राहिला १. एक मिलीअँप भागिले ३३ नॅनोफॅरड, उत्तर येतं मिलीसेकंदाला ३० व्होल्ट. स्कोपवर दिसला तो हाच चढ.

म्हणजे वर चढताना केबल भरायचं काम कंडिशनरच्या उरलेल्या १ मिलीअँपने करायचं, आणि खाली येताना मात्र सेन्सरमधला ट्रान्झिस्टर हवा तेवढा करंट ओढून केबल झटकन रिकामी करतो. टाकी भरायला अर्ध्या इंचाचा नळ आणि रिकामी करायला चार इंची पाइप, अशी ती अवस्था. प्रत्येक मोठ्या धक्क्याला सिग्नल खाली लवकर पोचतो आणि वर उशिरा, त्यामुळे धक्का चालू असेपर्यंत सरासरी खाली ओढली जाते, धक्का संपला की सावकाश जागेवर येते. हे सावकाश खाली-वर होणं म्हणजेच २-३ हर्ट्झची ती घाण, आणि तिचं पुढे इंटिग्रेटरमध्ये काय होतं ते वर लिहिलंच आहे.

याचा हिशोब आधीच करता येतो. करंटमधून १ मिलीअँप वजा करा, त्याला २ पाय गुणिले कपॅसिटन्स गुणिले सिग्नलचा पीक व्होल्टेज यांनी भागा, उत्तर येतं ती सगळ्यात वरची फ्रिक्वेन्सी जिथपर्यंत तेवढा मोठा सिग्नल केबलमधून धडपणे जाईल. या केबलला ५ व्होल्ट पीकसाठी, म्हणजे ५० जीसाठी, २ मिलीअँपवर येतं ९६५ हर्ट्झ. ४ वर येतं २.९ किलोहर्ट्झ. ८ वर ६.७५. आता हॅमर आणि दगडाची टक्कर म्हणजे कित्येक किलोहर्ट्झचा मामला, त्यात सेन्सरचा स्वतःचा रेझोनन्स (तो स्वतःहून जोरात थरथरतो ती फ्रिक्वेन्सी) २५ किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि तो वरच्या फ्रिक्वेन्सीला आणखी फुगवतो. ९६५ हर्ट्झच्या दरवाजातून ते कसं जाणार.

बरेच जण इथे विचारतात की आपण तर १००० हर्ट्झपर्यंतच बघतो, वर काय होतंय त्याचं आपल्याला काय? लो पास फिल्टर (वरची फ्रिक्वेन्सी अडवणारा) आहे की. पण फिल्टर आहे कंडिशनरच्या आत, आणि सिग्नल बिघडतोय त्याच्या आधी, केबलवरच. बिघडताना वरच्या फ्रिक्वेन्सीची ताकद खालच्या फ्रिक्वेन्सीत उतरते, आणि एकदा ती १० हर्ट्झच्या खाली किंवा १० ते १००० च्या मध्ये येऊन बसली की फिल्टरला ती खरी की खोटी हे कळायचा काही मार्ग नाही. त्यामुळे तुम्हाला जी फ्रिक्वेन्सी बघायचीच नाही तिच्यासाठी पण केबल आणि करंट पुरेसा हवा.

आणि कॅलिब्रेशन सर्टिफिकेट? ते खोटं नव्हतं. हँडहेल्ड कॅलिब्रेटर १५९.२ हर्ट्झवर १० मीटर प्रति सेकंद वर्ग देतो, व्हेलॉसिटी येते १० मिमी प्रति सेकंद, पॅनलवर १० दिसलं, टिक मार्क. पण १० मीटर प्रति सेकंद वर्ग म्हणजे जेमतेम १ जी, सिग्नल १०२ मिलीव्होल्ट आरएमएस, आणि १५९ हर्ट्झला त्याचा जास्तीत जास्त चढ सेकंदाला १४५ व्होल्टच्या आत. केबलची मर्यादा सेकंदाला ३०,००० व्होल्ट. मर्यादेच्या अर्ध्या टक्क्यावर केलेली टेस्ट हा दोष दाखवूच शकत नाही. रिकामा रोटर फिरवल्यावर रीडिंग बरोबर यायचं तेही याच कारणाने, सिग्नल छोटा, केबलला झेपणारा. म्हणजे ज्या ज्या परिस्थितीत लोक "चेक" करत होते त्या सगळ्यात सिस्टिम खरंच ठीक होती. फक्त जिथे तिची गरज होती तिथे नव्हती.

दुरुस्तीचा क्रम मुद्दाम सांगतो कारण त्यावर तिथे बरीच वादावादी झाली. सोपा उपाय समोर होता, हाय पास १ वरून १० हर्ट्झ करा, स्की स्लोप कापला जाईल, रीडिंग खाली, सगळे खूश. मी याला नाही म्हटलं. एक तर रोटर १२.४ वर फिरतोय, १० चा फिल्टर त्याच्या इतका जवळ आला की चौथ्या ऑर्डरचा (ऑर्डर जितकी मोठी तितका काप तीव्र) असला तरी खऱ्या रीडिंगमधले सात-आठ टक्के खातो, पहिल्या ऑर्डरचा असला तर वीसच्या वर, म्हणजे हॅमर खरंच सुटला तर त्याच रेषेचा आकडा आपण स्वतः कमी करून ठेवलाय. दुसरं म्हणजे सिग्नल केबलवर बिघडतच राहिला असता, फक्त दिसला नसता. म्हणून आधी करंट, मग फिल्टर, आणि एका वेळी एकच बदल.

जंपर ८ वर टाकला. त्याआधी दोन गोष्टी तपासल्या. केबलच्या रेझिस्टन्समधला ड्रॉप, ८ मिलीअँपला तो व्होल्टच्या दहाव्या भागाइतका, काही नाही. आणि वरची जागा, सप्लाय टर्मिनलला २२ च्या वर मिळत होता, बायस ११.४, म्हणजे ५ व्होल्टचा सिग्नल वर जायला भरपूर वाव. सेन्सरमध्ये उष्णता वाढते ती १२ व्होल्ट गुणिले ८ मिलीअँप, वॉटच्या दहाव्या भागाएवढी, हाऊसिंग हाताला सोसवेल इतपतच गरम होतं म्हणून तो प्रश्न नव्हता. बॉयलरजवळ १०० डिग्रीच्या वर सेन्सर असता तर मी ८ वर टाकण्याआधी डेटाशीट परत वाचलं असतं.

ऊस सुरू झाला आणि पॅनल ६ च्या आसपास थांबलं. स्कोपवर चढ आणि उतार दोन्ही गोल. बायस ऊस असताना आणि नसताना सारखाच. मग हाय पास १ वरून ५ वर नेला, रीडिंग साडेचारवर, पोर्टेबलच्या जवळ. ट्रिपला मारलेली जंपरची तार त्याच शिफ्टला काढली, आणि ती काढताना चीफ इंजिनिअर स्वतः पॅनलसमोर उभे होते, हे मला फार बरं वाटलं.

मध्ये एक आणखी सापडलं, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेली होती, जंक्शन बॉक्सलाही आणि पॅनललाही. रिकाम्या स्पेक्ट्रममध्ये ५० आणि १५० हर्ट्झच्या रेषा त्यामुळेच. फील्डची बाजू सोडवली, पॅनलची ठेवली, रेषा गेल्या. याने ट्रिप येत नव्हती, पण जवळ वेल्डिंग लागलं की आली असती.

एक सूचना वेंडरकडून आली होती की सरळ चार्ज टाइप सेन्सर लावा, आत इलेक्ट्रॉनिक्सच नाही त्यामुळे हा प्रॉब्लेमच नाही. चार्ज अॅम्प्लिफायर ही फार सुंदर कल्पना आहे, वॉल्टर किस्टलर या स्विस माणसाने १९५० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, त्यात केबलचा कपॅसिटन्स सेन्सिटिव्हिटीत येतच नाही. पण क्रिस्टल ते अॅम्प्लिफायर ही तार अतिशय नाजूक असते, इन्सुलेशन थोडं जरी ढासळलं तरी खालची फ्रिक्वेन्सी वाहून जाते, साधी केबल वाकली तरी स्वतः चार्ज तयार करते म्हणून खास लो नॉइज केबल लागते. मिल हाऊसमध्ये रस उडतो, वाफ असते, कनेक्टरचं रबर बूट काढलं तर आत वाळलेला रस आणि त्यावर मुंग्या. तिथे २८० मीटर चार्जची तार नेणं मला पटलं नाही. चार्ज सेन्सर जिथे तापमान इतकं आहे की आतलं इलेक्ट्रॉनिक्स जगणारच नाही तिथे लावावा, आणि तिथेही थोड्या अंतरावर इनलाइन कन्व्हर्टर टाकून पुढे आयईपीईसारखं न्यावं. १० मिलीव्होल्ट प्रति जीचा सेन्सर लावा असंही कोणी म्हणालं, धक्क्याचा व्होल्टेज दहापट कमी होतो हे खरं, पण १२.४ हर्ट्झला ४ मिमी प्रति सेकंद म्हणजे ०.०३२ जी, तो सिग्नल ३.२ मिलीव्होल्टवरून ०.३२ वर येतो. ज्या रेषेसाठी सगळा खटाटोप तीच नॉइजमध्ये बुडवायची, हे नको.

यानंतर खोट्या ट्रिपा थांबल्या, एक सोडून. ती आली मिल धुताना. आता ऊसही नाही, दगडही नाही, रोटर रिकामा, मग काय? बघितलं तर गरम पाण्याचा पाइप थेट हाऊसिंगवर आणि सेन्सरवर. पिझो मटेरियल तापमान अचानक बदललं तरी चार्ज देतं, आणि सेन्सरचा तळ थोडा ताणला गेला तरी देतं, कॉम्प्रेशन बांधणीच्या (क्रिस्टलवर दाब येणाऱ्या) सेन्सरमध्ये हे जास्त, शिअर बांधणीत (क्रिस्टलवर कातरण्यासारखा ताण येणाऱ्या) बरंच कमी. हा चार्ज सावकाश उतरतो, म्हणजे परत खालची फ्रिक्वेन्सी, परत इंटिग्रेटर. ५ हर्ट्झच्या हाय पासने त्यातलं बरंच अडवलं जातं पण पाण्याचा झोत पूर्ण जोरात असेल तर उरलेलं पण पुरतं. सेन्सरवर पत्र्याचं टोपरं बसवलं, हाऊसिंगपासून थोडं अंतर ठेवून, आणि पुढच्या खरेदीत शिअर टाइप असं स्पष्ट लिहून दिलं.

हंगाम संपल्यावर कंडिशनरच जागेवरून हलवला. फायबरायझरपासून बारा मीटरवर, स्टीम लाइनपासून लांब, एक बंद बॉक्स भिंतीला लावला, कंडिशनर त्यात, आणि तिथून कंट्रोल रूमपर्यंत फक्त ४ ते २० मिलीअँप. सेन्सरची केबल आता दीड नॅनोफॅरडच्या आत आहे, करंट ४ वर ठेवला तरी पुरतो, आणि ४ ते २० च्या तारेला कपॅसिटन्सचं काही पडलेलं नाही. तोटा एकच, ४ ते २० मधून वेव्हफॉर्म जात नाही, फक्त एक आकडा जातो, त्यामुळे बॉक्सच्या दाराला बीएनसी सॉकेट काढून ठेवलंय, दार न उघडता स्कोप लावता येतो. आणि गाळप सुरू व्हायच्या आधीच्या चेकलिस्टमध्ये कॅलिब्रेटरच्या ओळीखाली आता आणखी एक ओळ आहे : स्टीलच्या रॉडने हाऊसिंगवर सेन्सरजवळ जोरात टोकायचं, स्कोपवर चढ आणि उतार दोन्ही बघायचे, प्रिंट काढून फाइलला लावायची.